लहान मुलाला दिवसाला किती दूध द्यावं? अर्ध्या लिटरच्या वर नको

तुम्ही लिहिलंय, मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, दिवसात चार-पाच बाटल्या दूध पितो आणि जेवायला बसवलं की तोंड फिरवतो. आधी आकडा सांगते. वर्ष पूर्ण झाल्यावर दिवसाला 400 ते 500 मिली, म्हणजे दोन पावशेर पुरे. दही, खीर, पनीर त्यातच धरायचं. अंगावर पीत असेल तर वरचं दूध आणखी कमी लागतं.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही चुकलो. आमचं गाव पलूस तालुक्यात, दारात दोन म्हशी. डेअरीला घालायच्या आधी लेकीचं दूध बाजूला काढलं जायचं. सासूबाई म्हणायच्या, "खात न्हाई तर न्हाई, दूध तरी जाऊ दे पोटात." दीड वर्षाची असताना ती रोज लिटरभर प्यायची. गुबगुबीत होती, वजन चांगलं होतं, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. मग ती अंगणातली माती खायला लागली. शी खड्यासारखी व्हायची, दोन पायऱ्या चढली तरी कडेवर घे म्हणायची. सांगलीला बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "दूध किती पिते?" हिमोग्लोबिन निघालं 7.6. ते 11 च्या पुढं हवं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी रडतच आले. घरात कशाची कमी नव्हती आणि मुलीच्या अंगात रक्त नव्हतं.

असं का होतं ते डॉक्टरांनी नीट समजावलं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 8 मिलिग्रॅम लोह लागतं आणि लिटरभर दुधातून एक-दीड मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. वर दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हशीचं दूध तर फारच दाट. लिटरभरात हजारच्या आसपास कॅलरी असतात आणि दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरजही जवळपास तेवढीच. म्हणजे मूल नाटक करत नसतं हो, त्याचं पोट खरंच भरलेलं असतं! आपण मात्र त्याच्या मागं घास घेऊन फिरतो आणि शेवटी दमून पुन्हा बाटली देतो. कॅल्शियमचं म्हणाल तर या वयाला 500 मिलिग्रॅम लागतं, ते अर्ध्या लिटरात मिळतं.

म्हशीचं दूध वर्षानंतर चालतं. उकळून, साय काढून द्या. पाणी घालून पातळ करू नका, त्यानं पोट भरतं पण काही मिळत नाही. एक वर्षाच्या आत मात्र गाईचं-म्हशीचं कुठलंच दूध प्यायला द्यायचं नाही. आणि त्या चॉकलेटी पावडरींवर पैसे घालवू नका, त्यात साखरच जास्त.

एकदम तोडू नका. आम्ही आठवड्याला एक बाटली कमी केली. आधी जेवणाआधीची, रात्रीची सगळ्यात शेवटी. ती बाटली तोंडात ठेवून झोपल्यानं पुढचे दात किडतात, म्हणून तीही सोडवलीच. उरलेलं दूध स्टीलच्या फुलपात्रातून, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. तुमच्याकडचं फुलपात्र किती मिलीचं आहे ते एकदा मोजून घ्या, आमचं दीडशेचं निघालं. पहिले चार दिवस रडारड झाली. सासूबाईंना ते बघवेना, त्या मळ्यात जाऊन बसायच्या. पण पाचव्या दिवशी पोरीनं आमटीत कुस्करलेली शाळूची भाकरी स्वतः हातानं खाल्ली, आणि ते सासूबाईंनीच मला हाक मारून दाखवलं. नंतर मऊ खिचडी, अंडं, मेथीची भाजी, मोड आलेली मटकी शिजवून, शेंगदाण्याचं कूट. अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. भाजी-आमटीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते.

तुमचा मुलगा पांढुरका दिसत असेल, माती किंवा भिंत खात असेल, लवकर दमत असेल, तर नुसतं दूध कमी करून भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 100 पैकी जवळपास 69 मुलं रक्तक्षयाची निघाली होती, त्यामुळं 'आमच्याकडं कशाला असेल' असं धरून चालू नका. लोहाचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच द्या आणि दुधाबरोबर कधीच नको. आमच्या लेकीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.2 झालं, माती खाणं त्याच्या आधीच थांबलं होतं. औषध सुरू असताना शी काळी होते, त्याला घाबरून ते मध्येच बंद करू नका.