स्टील नंतर, आधी लॉक बघा

"वडाळ्याच्या साईटवर फॉल सीलिंगचं काम करतो, सहा महिन्यांत दुसरा घडीचा चाकू ढिला पडला, आता कोणतं स्टील घेऊ?" असं तुम्ही विचारलंय. भाऊ, हे वाचलं आणि उजव्या तर्जनीवरचा जुना व्रण चोळायला लागलो.

माझाही चाकू असाच होता. लायनर लॉकवाला, ऑनलाइन घेतलेला, दिसायला एकदम फौजी. या लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकते आणि पात्याच्या बुडामागे जाऊन अडते. पट्टी पूर्ण सरकली नाही तरी पातं उघडं राहतं, म्हणून आपण फसतो. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून मी बिजागरीत रोज खोबरेल घालायचो. शहाणपणच समजा! तेलात पीओपीची धूळ बसून आत लगदा झाला, पट्टी अर्ध्यावर अडकायला लागली. लॉक बसल्याचा 'टक्' आवाज येत नाही हे दोन दिवस कळत होतं, तरी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी बोर्डात टोक रुतलं, वर ओढताना पात्याच्या पाठीवर जोर आला आणि पातं बोटावर मिटलं. चार टाके, तीन आठवडे मजुरी बुडाली.

विकणाऱ्या कंपनीची तऱ्हा वेगळीच. आधी बिल, मग खोका, मग चाकू उघडतानाचा व्हिडिओ. बँडेज बांधलेल्या हाताने तोही काढला. शेवटी एका ओळीत उत्तर: "अयोग्य वापर". आता साईटवर वापरायचा नाही तर काय, वाढदिवसाचा केक कापायचा?

असो. माझं मत, पटलं तर घ्या. धुळीच्या कामाला मूठ आरपार मोकळी असलेला चाकू घ्या, म्हणजे ब्रशने आणि फुंकरीने आतला कचरा निघतो. बॅक लॉकही चांगलं, त्यात मुठीच्या पाठीवरची दांडी पात्याच्या खाचेत बसते, पण त्या खाचेत माती बसली तर तेही पुरतं लागत नाही. मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला जाऊन हातात धरून बघा. पातं उघडून बोटं त्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि त्याची पाठ लाकडावर हळूच दाबा. लॉक सरकलं तर तिथेच ठेवून या.

स्टीलचं म्हणाल तर डी-२ची धार टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, मुंबईच्या हवेत डाग धरतं. मी १४सी२८एन हे स्टेनलेस स्टील वापरतो. ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू मला आवडतो, पण जुलैत त्याची मूठ फुगते आणि पातं उघडायला नखं तुटतात. तेल शिलाई मशीनचं, एकच थेंब, तेही आधी साफ करून. डब्याचं झाकण उचकटायला चाकू वापरत असाल तर मात्र कुठलाच टिकणार नाही, बिजागरी ढिली होणारच. त्याला जुना स्क्रूड्रायव्हर ठेवा. जिप्सम बोर्ड नुसता चिरायचा असेल तर ब्लेड बदलायचा साधा कटरच बरा.

मी वकील नाही, पण २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा शस्त्र म्हणून उल्लेख आहे, घरगुती आणि औद्योगिक कामाची सोडून. तरी कुणी विचारलं तर नियम पाठ म्हणून दाखवण्यात काही अर्थ नाही. मेट्रोच्या तपासणीत तर चाकू अडतोच, म्हणून माझा साईटवरच्या पेटीत कुलपात असतो.

तुमचा दुसरा चाकू फेकू नका. आधी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी 'टक्' येतो का ते सांगा.