माय म्हणते, पंप नको, गोळी द्या

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची. आम्ही चोपडा तालुक्यातले, कापूसवाले. आईची हयात पऱ्हाट्यांच्या चुलीपुढं गेली. बिडी-तंबाखूला कधी शिवली नाही, तरी यंदा आखाजीला मांडे करताना अशी धाप लागली, की खापरावरचा मांडा तसाच सोडून ओट्यावर येऊन बसली. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आवळण्याचा जुनाट आजार, सांगितला आणि पंप दिला. गल्लीतल्या बायका म्हणतात, पंप एकदा लागला की सुटत नाही. आई म्हणते, त्यापेक्षा गोळी द्या. पंपानं तसाही फरक पडत नाही, असं तिचं म्हणणं. काय करावं?

उत्तर : गोळीचा हिशेब आधी सांगतो, कारण माझ्याकडेही रोज कुणी ना कुणी गोळीच मागतं. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात औषध असतं १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस दाबांएवढी. ती पोटातून रक्तात आणि अंगभर फिरत फिरत छातीत पोचते. वाटेत हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं दुखणं आहे तिथंच पडतं, म्हणून चिमूटभर पुरतं.

श्वासनळ्यांभोवती बारीक स्नायूंची कडी असतात. ती आवळली की आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि जुनी निघाली नाही तर नवीला जागा कुठली? ठिबकच्या नळीवर पाय पडावा तसं. औषधानं स्नायू सैल पडतो, अडकलेली हवा निघते, आणि माणूस न थांबता चार पावलं जास्त चालतो. धुरानं वर्षानुवर्षं झालेली खराबी मात्र त्यानं भरून येत नाही, हे आईला खरं सांगा. रोज घ्यावं लागतं ते आजार रोजचा आहे म्हणून. बीपीच्या गोळीला कुणी व्यसन म्हणत नाही.

आता ‘फरक पडत नाही’. इथं मला औषधापेक्षा हाताचा संशय येतो. यावलकडच्या एक आजी रुमालात गुंडाळून पंप आणायच्या. “रोज लेस ना भाऊ मी,” म्हणाल्या. म्हटलं, माझ्यासमोर घ्या. त्यांनी तोंड उघडलं, अंगठ्यानं दाबलं आणि दोन क्षणांनी श्वास ओढला. पांढरा फवारा गालावरून निघून गेला, आजींच्या वाट्याला फक्त चव आली. तीन महिने हेच चाललं होतं! त्यांना औषध तेच ठेवलं, फक्त स्पेसर दिला.

स्पेसर म्हणजे पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा फुगीर डबा, आईलाही तो घ्या. पंप हलवून डब्याला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, डब्याच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एक दाब, मग सावकाश खोल ओढून दहा आकड्यांपर्यंत रोखायचा. दुसरा दाब मिनिटभरानं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा, पुसू नका. पुसल्यानं औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

पंप कोणता, तेही खोक्यावर वाचा. साल्ब्युटामॉल पाच-एक मिनिटांत लागू पडतं आणि चार ते सहा तास टिकतं, ते धाप लागल्यावरचं. टायोट्रोपियम दिवसातून एकदा, चोवीस तासांसाठी. धाप असो-नसो, ते रोज घ्यायचं. धाप लागल्यावरच हे दुसरं ओढलं, तर फरक पडणार कसा? काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पंपात स्टेरॉइडही असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. बाटली संपली का, हे वाटीभर पाण्यात तरंगवून बघणारे पुष्कळ आहेत. तसं कळत नाही, दाब मोजा.

पंप घेऊनही धाप उतरत नसेल, वाक्य पुरं बोलवत नसेल किंवा ओठ निळे दिसले, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

आणि पुढच्या आखाजीला चुलीपुढं सून बसू दे, तीही अंगणात, उघड्यावर. आईनं वारा येतो त्या बाजूला ओट्यावर बसून मांडा कसा फिरवायचा ते सांगावं. सांगताना धाप लागली, तर पंप कनवटीला असू द्या.