चक्कर खरी की सोंग?

प्रश्न : अपघातानंतर नुकसानभरपाई मागणारी व्यक्ती चक्कर येत असल्याचे सोंग करत असेल, तर ते तोलाच्या तपासणीत कळते का?

उत्तर : बऱ्याचदा संशयाला जागा मिळते. संगणकीय तपासणीत रुग्णाला सुरक्षापट्टा बांधून फलाटावर उभे करतात आणि ६ स्थितींमध्ये, प्रत्येकी २० सेकंदांच्या ३ फेऱ्यांत, शरीराचे डोलणे मोजतात. पहिल्या स्थितीत डोळे उघडे आणि पायाखालचा फलाट स्थिर असतो. शेवटच्या दोन स्थितींत मात्र फलाट शरीराच्या डोलण्याबरोबर कलतो, शिवाय डोळे मिटलेले असतात किंवा समोरचे दृश्यही सोबत हलून नजरेला फसवते, त्यामुळे तोलाची भिस्त मुख्यतः अंतर्कर्णावर उरते. अंतर्कर्ण खरोखर बिघडलेला माणूस येथेच कोलमडतो. सोप्या स्थितीत तो सहसा सावरतो. सोंग करणाऱ्याचे नेमके उलटे होते. सोप्या स्थितीत तो एकसारख्या लयीत मोठमोठे झोके घेतो, आणि अवघड स्थितीत, पडू नये म्हणून धडपडताना बहुधा सोंगाचाच विसर पडून, त्या मानाने बराच स्थिर उभा राहतो. एकाच स्थितीतील फेऱ्यांचे गुणही आपसात जुळत नाहीत. तरीही केवळ या आलेखावरून कोणाला खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण तीव्र चिंतेतही असे विसंगत निकाल येऊ शकतात. डोळ्यांच्या हालचालींची तपासणी आणि सविस्तर वैद्यकीय इतिहास सोबत पाहिलाच पाहिजे.