अर्थ ठरवायचा कोणी?

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बिबवेवाडीच्या सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात) शिकणाऱ्या तुझ्या प्रॉटेस्टंट मित्राने तुला, एका कॅथलिकाला, ‘तुमचा पोप बायबलच्याही वर’ असे म्हटले आणि तू ‘तुमच्यात तर प्रत्येक जणच पोप’ असे उत्तर देऊन आलास, हे वाचून वाईट वाटले, कारण या दोन वाक्यांत ना तुझी श्रद्धा आली, ना त्याची. आपल्या कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटले आहे की, ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे. इकडे प्रॉटेस्टंट चळवळीचे प्रणेते ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनीही परंपरा मोडीत काढली नव्हती. प्राचीन चर्चचे आचार्य संत ऑगस्टिन यांचा आधार ते सतत घेत. शास्त्राच्या अर्थावरून तंटा पडला तर निवाडा कोणाचा, आणि निवाडा करणारा चुकू शकतो का, हा खरा वाद आहे. १५१९ मध्ये लाइपझिग येथील वादसभेत योहान एक या कॅथलिक पंडिताने ल्यूथरला नेमके इथेच गाठले आणि धर्मपरिषदाही चुकू शकतात असे त्याच्याकडून वदवून घेतले.

एकदा तुमची दोन्ही बायबले शेजारी ठेवून नहेम्याचे पुस्तक संपते ते पान उघडा. तुझ्या प्रतीत पुढे तोबीत येईल, त्याच्या प्रतीत थेट एस्तेर. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ साली ७३ पुस्तकांवर शिक्कामोर्तब केले. प्रॉटेस्टंट ६६ मानतात, कारण उरलेली सात हिब्रू शास्त्रात नाहीत. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी मात्र त्या पुस्तकांत कुठेच दिलेली नाही, मग ती ठरवली कोणी, असे तू त्याला अवश्य विचार. त्यावर तो म्हणेल की, चर्चने ती पुस्तके ओळखली, त्यांना अधिकार बहाल केला नाही. हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. मी पक्का कॅथलिक असूनही मला ते विचार करायला लावते.

आपल्या पुण्याशी नाते असलेल्या पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहारही वाच. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी तिथल्या आपल्या मार्गदर्शक अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना बजावले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घ्यायला त्या तयार नाहीत. त्याच बाईंनी पुढे केडगावला बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायबल मराठीत आणले. उलट ख्रिस्ती झालेले संस्कृत पंडित नीळकंठशास्त्री गोरे प्रॉटेस्टंट मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊनही चर्चच्या प्राचीन अधिकाराकडे ओढले गेले. दोघेही शास्त्रार्थात मुरलेले आणि दोघेही प्रामाणिक. त्यामुळे विरुद्ध बाजूचा माणूस अडाणी किंवा हट्टी आहे असे धरून चालू नकोस. माझा कल गोऱ्यांकडे आहे, पण रमाबाईंना वाटलेली भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही.

आता त्या मित्रासोबत नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांचा १५ वा अध्याय वाच. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी मोशेचे नियम पाळावेत का, या वादावर तिथे सभा भरते. त्या सभेत पेत्र बोलतो, याकोब आमोसाचे वचन पुढे करून मत देतो आणि पत्र जाते ते ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ म्हणून. या सभेत निर्णायक काय ठरले, हे आधी त्याला सांगू दे आणि मध्ये बोलू नकोस. त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहून काढ आणि तो कागद मला पाठव. तुझ्या उत्तराचे आपण नंतर पाहू.

तुझा,
सर