गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायचाय, पण त्याला फिरवणारा ड्राइव्ह बेल्ट सैल कसा करायचा?

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. अल्टरनेटरच्या जाड वायरला थेट बॅटरीचा करंट असतो, पाना बॉडीला टेकला की ठिणगी. बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

स्प्रिंगचा ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा भाग) असेल तर त्याच्या चौकोनी खाचेत किंवा षटकोनी भागावर लांब दांड्याचा पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध दाबा, बेल्ट पुलीवरून सरकवा, मग हात हळूहळू सोडा. झटक्यात सोडलात तर बोटं गेलीच.

हाताने ताणायचा प्रकार असेल तर अल्टरनेटरचा पिव्होट बोल्ट (ज्याभोवती तो हलतो) आणि लॉक बोल्ट (जो त्याला जागेवर पक्का धरतो) आधी ढिले करा, मगच ताण कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर उलटा फिरवा. इथेच घाई होते आणि अ‍ॅडजस्टरचे आटे जातात. परत बसवताना बेल्ट अति ताणू नका, नव्या अल्टरनेटरचं बेअरिंग लवकर ओरडायला लागेल.