शंका-समाधान : दोनशे सहा हाडं आणि बाकीची

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात माणसाची हाडं २०६ दिली आहेत. आयुर्वेदाच्या पुस्तकात ३०० वाचलं, आणखी एका ठिकाणी ३६०. मुलं विचारतात, मोजणी कुणाची चुकली? — एक शिक्षिका

उत्तर : मोजणी कुणाचीच चुकलेली नाही. हाड कशाला म्हणायचं, हे ज्याने त्याने वेगळं ठरवलं. चरकसंहितेतल्या ३६० मध्ये दात आणि नखंही धरली आहेत. सुश्रुतसंहितेत ३०० आहेत : हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. त्यांत दातही आले आणि ‘तरुण अस्थी’ म्हणून नाका-कानाची कूर्चाही आली. आज आपण दात हाडांत धरत नाही. दाताचं इनॅमल एकदा गेलं की गेलं. हाडात मात्र जुना भाग खरवडणाऱ्या आणि नवा भरणाऱ्या पेशी जन्मभर कामाला असतात.

२०६ ची बेरीज फळ्यावर करून दाखवा, मुलांना ती पाठ करायला लागत नाही. कवटी आणि चेहरा २२, दोन्ही कानांच्या आत मिळून ६, जिभेच्या मुळाशी नालेच्या आकाराचं १, कण्यात २६ (सुटे मणके २४, कमरेखालची त्रिकास्थी, माकडहाड), बरगड्या २४, छातीच्या मधोमधचं १. झाली ८०. खांद्याचं पातं आणि गळपट्टीचं हाड धरून एका हातात ३२, खुब्याचं हाड धरून एका पायात ३१. दोन्ही बाजूंची मिळून १२६. यातली १०६ हाडं नुसत्या दोन पंजांत आणि दोन पावलांत आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त.

आता गंमत बघा. गुडघ्याची वाटी हे स्नायूच्या दोरीत, म्हणजे कंडरेत तयार होणारं हाड आहे. ती यादीत आहे. तशीच दोन दोन बारकी हाडं जवळजवळ प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याखाली असतात; ती यादीत नाहीत. काहींना मानेच्या शेवटच्या मणक्याला जादा बरगडी असते, काहींच्या कवटीच्या सांध्यात सुटे तुकडे असतात. तेव्हा २०६ हा संकेत आहे, तोही प्रौढ माणसाचा.

नवजात बाळात सुटी हाडं सुमारे २७० ते ३०० भरतात. कपाळ दोन तुकड्यांत, खालचा जबडा दोन तुकड्यांत, खुब्याचं एकेक हाड तीन तुकड्यांत, त्रिकास्थीचे पाच मणके सुटे. मांडीचं हाड तर पाच ठिकाणांहून तयार होतं : मधली नळी, वरचा गोळा, वरचे दोन उंचवटे आणि गुडघ्याकडचं टोक. जन्माच्या वेळी यांतली नळी आणि गुडघ्याकडचं टोक एवढंच हाडाचं असतं, बाकीची कूर्चा. ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून लहान मुलाच्या फिल्ममध्ये सांध्यांत मोकळ्या जागा दिसतात. कोपराच्या बाबतीत यातून खरी अडचण होते. सुटा तुकडा मोडलेला आहे की अजून जोडला जायचा आहे, ते कळत नाही, आणि मग डॉक्टर दुसऱ्या, धडधाकट कोपराचाही एक्स-रे मागतात. पालकांना तो उगाच काढल्यासारखा वाटतो. तसा तो नसतो.

प्रश्न : प्रथम वर्षाला शरीररचना आहे. हाड हातात दिलं की उजवं की डावं सांगता येत नाही. कधी बरोबर येतं, कधी चुकतं, आणि का ते कळत नाही. — एक विद्यार्थी

उत्तर : ‘कधी बरोबर येतं’ यातच तुमच्या दुखण्याचं मूळ आहे. बाजू ठरवायला तीन गोष्टी लागतात : वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. यांतली एक उलटी धरली की बाजू चुकते. दोन उलट्या धरल्या की हाड नुसतं फिरतं आणि उत्तर बरोबर येतं! परीक्षकाने पुढचा प्रश्न ‘कशावरून?’ असा विचारला की मग पंचाईत. म्हणून आधी बाजू बोलायचीच नाही. तिन्ही गोष्टी खुणेसकट मोठ्याने म्हणायच्या आणि हाड स्वतःच्या अंगाशी लावून बघायचं.

मांडीचं हाड सोपं. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला. नळीवर उभी खडबडीत कड आहे ती मागे. नळीचा बाक पुढे. बस. मुलं चुकतात ती तुटका नमुना आला की. डोकंच नसेल तर खालचं टोक बघा. दोन गोळ्यांमधली खोल खाच मागे येते. आतल्या गोळ्याच्या वर बोटाला टोचणारा छोटा उंचवटा लागतो, ती आतली बाजू. नुसती नळी असेल तर रक्तवाहिनीचं भोक शोधा आणि त्यात गवताची काडी घाला. काडी आत शिरताना ज्या टोकाकडे झुकते ते वरचं टोक, कारण मांडीच्या हाडात हे भोक गुडघ्यापासून दूर जातं.

गळपट्टीच्या हाडात जास्तीत जास्त मुलं पडतात. छातीकडचं टोक जाड आणि चौकोनी, खांद्याकडचं चपटं. इथवर सगळ्यांना येतं. आतल्या बाजूचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि बाहेरचा एक तृतीयांश पुढून खोलगट, हेही येतं. घोटाळा होतो वर-खालीत. वरचा पृष्ठभाग तळव्यावर घासा, गुळगुळीत लागतो. खालच्या पृष्ठभागाच्या मधल्या भागात लांबट पन्हळ असते, आणि चपट्या टोकाकडे मागच्या कडेला एक गाठ असते. ही गाठ सापडली की खालची आणि मागची अशा दोन बाजू एकदम मिळतात. डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने ती शोधायचा सराव करा. पुष्कळ वापरलेल्या संचांत खुणा झिजलेल्या असतात, तिथे डोळ्यापेक्षा बोट बरं.

नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, ते सगळ्यात छळणारं. त्याच्या नळीकडे बघूच नका, तिचे पृष्ठभाग माणसागणिक बदलतात. खालच्या टोकाला त्रिकोणी गुळगुळीत जागा आहे ती आत, आणि तिच्या मागे-खाली खड्डा आहे तो मागे. एवढ्यावर बाजू सांगून मोकळं व्हा.

प्रश्न : हाड व्हिनेगरमध्ये ठेवलं की रबरासारखं होतं, हा प्रयोग विज्ञान मंडळात दोनदा केला. पहिल्यांदा दोन दिवसांनीही हाड कडकच होतं, दुसऱ्यांदा वाकवताना त्याचा भुगा झाला. — विज्ञान मंडळाचे कार्यवाह

उत्तर : पहिल्यांदा घाई झाली, दुसऱ्यांदा बहुधा हाड शिजवलेलं होतं. वाळलेल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेला बहुतेक कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा. आम्ल खनिज विरघळवतं, कोलॅजेन मागे राहतं. कुकरमध्ये शिजलेल्या हाडात हेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन झालेलं असतं. मग खनिजही काढून घेतलं की धरून ठेवायला काही उरतच नाही.

कोंबडीच्या तंगडीचं कच्चं हाड घ्या. मांस सुरीने खरवडा, हात साबणाने धुवा. कोरडं करून वजन लिहून ठेवा. काचेच्या बरणीत हाड पूर्ण बुडून वर दोन बोटं राहील इतकं साधं पांढरं व्हिनेगर ओता. झाकण सैल ठेवा, कारण हाडातल्या कार्बोनेटमुळे थोडा वायू सुटतो. व्हिनेगर रोज बदला. बहुतेकांचं इथेच चुकतं : त्यात आम्ल अवघं ५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते हाडावर खर्च होऊन जातं. टोकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ पडतात, मधल्या जाड नळीला पाच-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी जोर लावून वाकवून बघितलं तर आतला कडक गाभा मोडतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. शेवटी धुऊन, पुसून पुन्हा वजन करा. मात्र आता हाडाने पाणी धरलेलं असतं, त्यामुळे खरा फरक बघायचा तर दोन्ही वेळी पूर्ण वाळवून वजन करायला हवं. वाळलं की ते चामड्यासारखं कडक होतं. पाण्यात टाकलं की परत वाकतं.

उलटा प्रयोगही करता येतो. हाड जाळलं की कोलॅजेन जातं आणि खनिज राहतं. हाड आधी काळं पडतं, मग राखाडी, शेवटी पांढरं. आकार जसाच्या तसा, पण बोटाने दाबलं की चुरा. हे मोठ्या माणसानेच आणि उघड्यावर करावं, वास फार येतो.

प्रश्न : हात टेकून पडलो. एक्स-रेत काही नाही, नुसता मुरगळा आहे असं सांगितलं. आठ दिवस झाले, अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखतं. — एक वाचक

उत्तर : पुन्हा दाखवा, आणि लवकर. अंगठा वर ताणून धरला की मनगटाच्या त्या बाजूला दोन दोऱ्यांच्या मध्ये एक खळगा पडतो. त्यात दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड हे मनगटाचं लहानसं हाड मोडलेलं असण्याची शंका धरावी लागते. त्याची चीर पहिल्या फिल्ममध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून मनगट बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढतात. तोवर चिरेच्या कडा थोड्या विरघळून ती दिसू लागते. थांबायचं नसेल तर एमआरआयमध्ये आधीच कळतं.

एवढी काळजी का? या हाडाला बहुतेक रक्त अंगठ्याकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं कोपराच्या दिशेने जातं. मधे चीर पडली की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं. तो तुकडा जुळत नाही, कधी मरतो, आणि पुढे काही वर्षांनी मनगट झिजून कायमचं दुखू लागतं. वेळेत प्लास्टर घातलं तर बहुतेक चिरा जुळतात; चीर कुठे आहे त्यावर ६ ते १२ आठवडे, कधी जास्तही लागतात. तुकडे सरकले असतील किंवा चीर कोपराकडच्या टोकाला असेल तर बहुधा स्क्रू घालतात.

प्लास्टर घातलंच तर पहिले दोन दिवस पंजा छातीपेक्षा उंच ठेवा आणि बोटं हलवत राहा. खाज आली म्हणून आत पट्टी किंवा सुई घालू नका, जखम झाली तर कळतही नाही. गोळी घेऊनही दुखणं वाढत असेल, दुसऱ्याने बोटं सरळ केली की कळ येत असेल, बोटं बधिर किंवा गार पडत असतील, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. आत दाब वाढून स्नायूंचं रक्त अडलेलं असू शकतं, आणि काही तासांतच होणारं ते नुकसान भरून येत नाही.

प्रश्न : बोटं मोडल्याने संधिवात होतो का? — एक वाचक

उत्तर : तसा पुरावा नाही. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब उतरतो आणि वायूचा बुडबुडा बनतो, आवाज त्यातून येतो. तो वायू परत विरघळेपर्यंत, साधारण २० मिनिटं, तेच बोट पुन्हा मोडत नाही. डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी अनेक दशकं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत फरक पडला नाही. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. एका माणसावरचा प्रयोग आहे, तेवढाच धरावा. आवाजाबरोबर दुखत किंवा सुजत असेल तर ती गोष्ट निराळी.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा. मनगटाजवळ हाड मोडलं, थोडं वाकडं जुळलंय. डॉक्टर म्हणतात, असू द्या. नातेवाईक म्हणतात, जुळलेलं हाड आधीपेक्षा पक्कं होतं. — एक आई

उत्तर : डॉक्टरांचं पटण्यासारखं आहे, नातेवाइकांचं नाही. जुळलेल्या जागी सुरुवातीला नव्या हाडाचा गठ्ठा बनतो, तो हाताला गाठीसारखा लागतो. त्यावरून ‘पक्कं’ ही समजूत आली असावी. हा गठ्ठा ओबडधोबड भरलेला असतो आणि महिनोन्‌महिने तासला जाऊन मूळ आकारावर येतो. शिवाय प्लास्टरमध्ये न वापरल्याने बाकीचं हाड थोडं विरळ झालेलं असतं. म्हणून प्लास्टर निघाल्यावरही काही आठवडे पडापडीचे खेळ नकोत.

वाकडेपणाचं म्हणाल, तर मोडण्याची जागा तुमच्या बाजूने आहे. कोपर ते मनगट या भागातल्या अंगठ्याकडच्या हाडाची लांबी तीन चतुर्थांशाहून जास्त मनगटाजवळच्या वाढीच्या पट्टीतूनच वाढते, आणि ही पट्टी जवळचा बाक सरळ करत नेते. ८ व्या वर्षी वाढायला पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत. कोपराजवळचा असाच बाक इतका सुधारत नाही, कारण दंडाचं हाड वाढतं ते मुख्यतः खांद्याकडून.

एक गोष्ट मात्र वाढीने सुटत नाही : पीळ, म्हणजे हाडाचा तुकडा स्वतःभोवती फिरून जुळणं. मुलाला दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल उभी धरायला सांगा आणि तळवे आधी वर, मग खाली वळवायला लावा. प्लास्टर निघाल्यावर पहिले काही आठवडे हात आखडलेला असतो, तेव्हा ही परीक्षा महिना-दीड महिन्याने घ्या. दोन्ही पेन्सिली सारख्याच झुकल्या तर वाट बघायला हरकत नाही. एकच अडत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम करून दाखवा.