टपालपेटी: गेबो गप्प का बसायचा?

गेल्या अंकात रेडिओवर लिहिता लिहिता मी आयर्लंडच्या गे बर्न या रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकाचं नाव एका ओळीत घेतलं आणि पुढे निघून गेले. चूक माझीच, कारण त्यानंतर आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्मे लोक विचारतायत की हा बाबा कोण. म्हणून यावेळची टपालपेटी सगळी त्याच्याच नावावर. प्रश्नांना थोडी कात्री लावलीये, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आधी त्या नावाचं सांगा. घरात मोठ्याने वाचलं तर पोरं हसायलाच लागली.

हसू देत. पूर्ण नाव गॅब्रिएल मेरी बर्न. हो, मेरीसुद्धा, कॅथलिक घरांत मुलग्यालाही मधलं नाव मेरी ठेवायचे. गॅब्रिएलचं झालं गे, आणि लोकांनी लाडाने केलं गेबो. त्या नावाचा आज पोरांना माहीत असलेला अर्थ सर्रास वापरात यायच्या आधीपासून हा गेच होता.

प्रश्न: त्याचं करिअर थोडक्यात सांगाल का? विकिपीडियासारखं नको.

प्रयत्न करते. 1934 साली डब्लिनमध्ये जन्म, वडील गिनेस बिअरच्या कारखान्यात, शाळा सिंज स्ट्रीटची, ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मबंधूंनी चालवलेली. शाळा संपल्यावर इन्शुरन्समध्ये नोकरी, पण डोक्यात माइक, त्यामुळे 1950 च्या दशकाच्या शेवटी शेवटी रेडिओ एरनमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी रेडिओत शिरला. मग मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टीव्हीवरही काम करायला लागला. तिथे 1962 मध्ये लिव्हरपूलची चार पोरं गायला आली होती, बीटल्स नावाची, आणि त्यांना टीव्हीवर पहिल्यांदा आणणारा निवेदक म्हणून आजही याचंच नाव घेतात. दुसरा कोणी असता तर जन्मभर तेवढ्यावरच जेवला असता.

आयर्लंडचा स्वतःचा टीव्ही सुरू झाला 31 डिसेंबर 1961 ला, म्हणजे बघा किती उशिरा. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा आले ते शुभेच्छा देण्यापेक्षा सावध करण्याच्याच मूडमध्ये, या यंत्राची तुलना त्यांनी थेट अणुशक्तीशी केली, भलंही होईल आणि भरून न येणारं नुकसानही होईल म्हणाले. त्या नव्या चॅनेलवर पडद्यावर दिसलेली पहिली निवेदिका कॅथलीन वॉटकिन्स, जी पुढे या गेबोची बायको झाली.

तर 1962 च्या जुलैमध्ये, उन्हाळ्यातले काही आठवडे भरून काढायला म्हणून रात्री उशिराचा एक गप्पांचा कार्यक्रम सुरू केला, द लेट लेट शो. 1964 मध्ये थोडा काळ दुसऱ्याच्या हातात गेला तेवढा सोडला तर मे 1999 पर्यंत होस्ट हाच. म्हणजे 37 वर्षं. कार्यक्रम आजही चालू आहे, त्याच्यानंतर त्या खुर्चीत आधी पॅट केनी, मग रायन टब्रिडी आणि 2023 पासून पॅट्रिक किल्टी. शिवाय 1973 पासून 1998 पर्यंत रोज सकाळी रेडिओवरचा कार्यक्रम वेगळाच, आधी एक तासाचा, मग दोन तासांचा. रोज सकाळी रेडिओ आणि आठवड्यातून एक रात्र लाइव्ह टीव्ही, पंचवीस वर्षं. माझ्यासारखीला महिन्यातून एकदा टपालपेटी लिहिताना धाप लागते.

प्रश्न: एक सूत्रसंचालक येतो काय, गप्पा मारतो काय आणि म्हणे देश बदलतो! ही सगळी नंतर रचलेली कौतुकाची गोष्ट वाटते. तुमचं मत?

तुमचा संशय मला आवडला, आणि अर्धा मान्य आहे. आयर्लंड बदलला तो बऱ्याच कारणांनी, 1967 पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं, 1973 मध्ये देश युरोपियन समुदायात गेला, लोकांच्या हातात पैसा आला. गेबोने एकही कायदा केला नाही. आणि तो काही बंडखोर वगैरे पण नव्हता हो, कोट टाय घातलेला, बऱ्यापैकी जुन्या वळणाचा माणूस.

पण आधी कसा होता तो देश, ते बघा. घटस्फोटाला 1937 च्या घटनेतच बंदी. गर्भनिरोधकं आणायला आणि विकायला 1935 पासून बंदी. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियम 1973 पर्यंत होता. आणि या सगळ्यावर बोलायचं कुठे तर कुठेच नाही, घरात नाही, चर्चमध्ये तर नाहीच, फक्त कबुलीजबाबाच्या त्या लाकडी खोपट्यात, आणि तिथे ऐकणारा पुन्हा पाद्रीच.

आता 1966 चा किस्सा ऐका, तिकडे तो 'बिशप आणि नाइटी' म्हणूनच प्रसिद्ध आहे. कार्यक्रमात नवराबायकोचा एक साधा खेळ होता, दोघांना वेगवेगळं करून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं. प्रश्न काय, तर लग्नाच्या पहिल्या रात्री बायकोच्या नाइटीचा रंग कोणता होता. नवरा म्हणाला पारदर्शक. बायको म्हणाली आठवत नाही, बहुतेक घातलीच नव्हती. सगळा स्टुडिओ हसला आणि विषय संपला. पण घरी बघत बसलेल्या क्लॉनफर्टच्या बिशपचा संपला नाही, त्यांनी पेपरला कळवलं, सकाळी लॉखरेच्या कॅथेड्रलमध्ये त्यावर प्रवचन दिलं आणि लोकांना असले कार्यक्रम बघू नका म्हणून सांगितलं. चॅनेलला माफी मागावी लागली. पण झालं उलटंच, तोपर्यंत ज्यांनी बघितला नव्हता तेही पुढच्या शनिवारी टीव्ही असलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन बसले असणार, माणसाचा स्वभाव मला माहितीये. त्याच काळात एका खासदाराने म्हटलं की टीव्ही येण्याआधी आयर्लंडमध्ये सेक्स नव्हता. लोक ते वाक्य अजून हसत हसत सांगतात, पण त्याला म्हणायचं होतं ते खरंच होतं, असायचा पण बोलायचं नाही.

1971 च्या मार्चमध्ये नव्याने निघालेल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या बायका शोमध्ये बसल्या, त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सनही होत्या. त्या राजकारण्यांना झोडपत होत्या तर घरी टीव्ही बघणारे खासदार गॅरेट फिट्झजेराल्ड गाडी काढून थेट स्टुडिओत येऊन धडकले आणि चालू कार्यक्रमात वाद घालायला बसले! ऑडियन्समध्ये नुसता गोंधळ. हेच गृहस्थ पुढे पंतप्रधान झाले. कोणत्या देशात असं होतं सांगा.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. 1984 च्या जानेवारीत लाँगफर्ड परगण्यातल्या ग्रॅनार्ड नावाच्या छोट्या गावात पंधरा वर्षांची एक मुलगी शाळेतून निघून मारियामातेच्या ग्रोटोपाशी, म्हणजे गुहेसारख्या प्रार्थनास्थळापाशी गेली, पावसात, एकटीने बाळाला जन्म दिला, आणि बाळही गेलं आणि तीही. गाव गप्प, कोणाला काही माहीतच नव्हतं म्हणे. गेबोच्या रेडिओ कार्यक्रमात विषय निघाला आणि मग पत्रं यायला लागली, ढिगाने. बायकांची पत्रं. कोणी चाळीस वर्षांपूर्वी असंच लपूनछपून बाळंत झालेली, कोणी कधीच कोणालाच न सांगितलेलं पहिल्यांदा लिहिणारी. 23 फेब्रुवारीला जवळपास अख्खा कार्यक्रम फक्त ती पत्रं वाचण्यात गेला, त्याने आणि बरोबरच्या लोकांनी एकामागून एक वाचली. मधे तज्ज्ञ नाही, चर्चा नाही, त्याचं स्वतःचं मत तर अजिबात नाही.

सकाळची वेळ, स्वयंपाकघरात रेडिओ, आणि आपलंच गुपित दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात ऐकू येतंय. लिहिलं त्या बायकांनी, याने फक्त त्यांच्या आणि माइकच्या मधे यायचं टाळलं. तुम्ही त्याला देश बदलणं म्हणू नका हवं तर. दोन वर्षांनी, 1986 मध्ये, घटस्फोटावरचं सार्वमत तिथे पडलंच, आणि 1995 ला पास झालं तेही अगदी काठावर, पन्नास टक्क्यांच्या जेमतेम वर. म्हणजे रेडिओ ऐकून लोक एका रात्रीत सुधारले असं काही नाही.

प्रश्न: आयरिश निवेदक म्हटलं की आम्हाला टेरी वोगनच आठवतो. दोघांत मोठा कोण?

ही काय कुस्ती आहे का! वोगन लिमरिकचा, बँकेतला कारकून, तोही रेडिओ एरनमधूनच आलेला, पण तो लंडनला गेला आणि बीबीसी रेडिओ 2 वर 1972 ते 84 आणि पुन्हा 1993 ते 2009 सकाळचा कार्यक्रम करून तिथल्या लोकांच्या चहाच्या कपात विरघळला. युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेवरची त्याची तिरकी कॉमेंट्री ऐकायला लोक स्पर्धा बघायचे. ऐकायला मला वोगन जास्त गोड वाटतो, खरं सांगते. पण वोगन ज्या देशात बोलत होता तिथे तो पाहुणा होता, लाडका पाहुणा, आणि पाहुण्याला घरातलं कपाट उघडता येत नाही.

प्रश्न: मी लोकल चॅनेलवर अँकर आहे. त्याच्याकडून शिकण्यासारखं नेमकं काय? आणि तो कधी चुकला की नाही?

पहिलं म्हणजे तो नुसता होस्ट नव्हता, बरीच वर्षं त्या शोचा प्रोड्युसरही तोच होता. कोण येणार, कोणाला किती वेळ, रंगलेला विषय लांबवायचा की कापायचा, सगळं त्याच्याच हातात. आणि आज कोण पाहुणे आहेत हे आधी जाहीर करायचं नाही, त्यामुळे लोकांना बघावंच लागायचं. तुम्हाला चॅनेलवाले हे करू देणार नाहीत, माहितीये मला.

दुसरं गप्प बसणं. जानेवारी 1999, युरोपियन कमिशनर पाड्रिग फ्लिन शोमध्ये आलेले, मस्त ऐसपैस बसलेले. गेबोने काही तोफ डागली नाही, सहज गप्पा. फ्लिनसाहेब आपल्याच नादात तीन तीन घरं चालवणं किती महाग पडतं ते सांगत बसले, आणि ज्याने त्यांना 1989 मध्ये पन्नास हजार पाउंड दिल्याची चर्चा होती त्या बिल्डरबद्दल म्हणाले की त्याची तब्येत बरी नसते. तो बिल्डर हे ऐकून इतका भडकला की चौकशी आयोगापुढे जाऊन सगळं बोलायला तयार झाला. फ्लिन यांचं राजकारण त्या एका मुलाखतीनंतर आटोपलंच. तुम्ही असता तर मधेच आवाज चढवून 'उत्तर द्या, उत्तर द्या' केलं असतं ना? आणि समोरचा सावध झाला असता.

चुकला, हो. 1992 मध्ये उघडकीला आलं की गॉलवेचे लोकप्रिय बिशप इमन केसी यांना एका अमेरिकन बाईपासून मुलगा आहे. पुढच्या वर्षी ती बाई, अ‍ॅनी मर्फी, शोमध्ये आली आणि गेबो तिच्याशी असा वागला जणू उलटतपासणीच चालू आहे. शेवटी म्हणाला की तुमचा मुलगा वडिलांच्या निम्म्याने जरी चांगला निघाला तरी भरून पावलं. ती म्हणाली, मीपण काही इतकी वाईट नाहीये, मिस्टर बर्न, आणि उठून गेली. मी ती क्लिप दोनदा बघितली, दोन्ही वेळा त्याचाच राग आला. नऊ वर्षांपूर्वी बायकांची पत्रं वाचणारा हाच माणूस, पण समोर बाई प्रत्यक्ष बसली आणि पलीकडे ओळखीचा बिशप, तर आतला सिंज स्ट्रीटचा विद्यार्थी जागा झाला, असं मला वाटतं. तेव्हा शिकायचं असेल तर फ्लिनची मुलाखत आणि ही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: रिटायर झाल्यावर काय केलं? पैसा बक्कळ कमावला असेल.

कमावला आणि घालवलाही, म्हणजे घालवला दुसऱ्यानेच. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास होता त्या अकाउंटंटच्या मृत्यूनंतर 1980 च्या दशकात कळलं की गेबोची आयुष्यभराची शिल्लक गायब आहे. त्यामुळे रिटायरमेंट वगैरे नावालाच. शेवटच्या शोमध्ये यू2 बँडने त्याला हार्ले डेव्हिडसन मोटारसायकल भेट दिली, 64 वर्षांच्या माणसाला, आणि पुढे 2006 मध्ये सरकारने त्याला कशाचा अध्यक्ष केला तर रस्ता सुरक्षा प्राधिकरणाचा! ते काम त्याने मनापासून केलं. त्या वर्षी आयर्लंडच्या रस्त्यांवर 365 माणसं गेली होती, 2012 मध्ये तो आकडा 162 वर आला, अर्थात कायदे आणि पोलीस यांचाही वाटा त्यात मोठा. 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहा म्हणून मागे लागले होते, नाही म्हणाला.

आणि म्हातारपणी टीव्हीवर देवाधर्माच्या, आयुष्याच्या गप्पांचा एक शांत कार्यक्रम करायचा. 2015 मध्ये त्यात इंग्लिश नट स्टीफन फ्राय आला, पक्का नास्तिक. ऐंशी वर्षांच्या गेबोने विचारलं, समजा ते सगळं खरं निघालं आणि स्वर्गाच्या दारात देव समोर उभा राहिला, तर काय म्हणाल? फ्राय सुटलाच, लहान मुलांना हाडाचा कॅन्सर देतोस, लाज नाही वाटत, इथपासून. गेबो मधे पडला नाही, फक्त चेहरा बघण्यासारखा झाला होता, अख्ख्या जगाने ती क्लिप बघितली. कोणीतरी ईशनिंदेची पोलिसांत तक्रार केली, 2017 मध्ये त्याची चौकशी झाली आणि बारगळली, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सार्वमत घेऊन आयरिश घटनेतून ईशनिंदेचा गुन्हाच काढून टाकला. गेबो गेला त्यानंतर वर्षभराने, 4 नोव्हेंबर 2019 ला.